ओल्सेन की ब्रे? मातीच्या अर्कांची तुलना कशी करावी

मातीतला पिकाला मिळू शकणारा स्फुरद (फॉस्फरस) द्रावणाने काढून मोजायच्या ओल्सेन आणि ब्रे या दोन अर्कपद्धती ताडून बघायच्या असतील, तर आधी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. सोलापूरकडची काळी माती बहुधा फसफसते, कारण तिच्यात चुनखडी असते. कोकणातली जांभ्याची माती गप्प बसते. नमुन्यांचे हे दोन गट पहिल्यापासून वेगळे ठेवा.

ब्रे-१ हा फ्लोराइड असलेला आम्लाचा अर्क. त्यातलं फ्लोराइड ॲल्युमिनियमने धरलेला स्फुरद सोडवतं, म्हणून आम्लधर्मी मातीत ते चांगलं चालतं. चुनखडीत मात्र त्यातलं आम्लच मरतं, कॅल्शियम फ्लोराइडला अडवतं आणि स्फुरद आहे त्याहून कमी दिसतो. तिथे ओल्सेनच वापरा: २.५ ग्रॅम माती, ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेटचं ५० मिली द्रावण, सामू (पीएच) ८.५, अर्धा तास शेकरवर (हलवणाऱ्या यंत्रावर). द्रावण ताजं करा, ठेवलं की सामू चढतो. खोलीचं तापमान २५ अंशांवर ठेवा. मे महिन्यात उघड्या खोलीत काढलेला आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडणं म्हणजे शेतकऱ्यावर अन्याय आहे.

तुलनेसाठी मात्र प्रत्येक नमुना दोन्ही पद्धतींनी, दोन-दोनदा, एकाच दिवशी. प्रत्येक खेपेला एक ब्लँक (माती न घातलेलं द्रावण) आणि ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा एक नमुना हवाच.

जस्तासाठी डीटीपीए, म्हणजे धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाचा अर्क: १० ग्रॅम माती, २० मिली द्रावण, सामू ७.३, दोन तास. पितळी चाळणी नको, तिचंच जस्त मातीत उतरतं, नायलॉनची घ्या. जस्ताची ०.६ पीपीएम (दहा लाखांत ०.६ भाग) ही कमतरतेची प्रचलित मर्यादा फक्त डीटीपीएची. मेहलिच-३ या तिसऱ्या अर्काचा आकडा तिच्याशी लावू नका. मेहलिच-३ पाच मिनिटांत एकाच अर्कात स्फुरद, पालाश, जस्त सगळं देतं, त्याचा मोह मला समजतो. पण तेही आम्लच. चुनखडीच्या मातीत पिकाचा प्रतिसाद तपासल्याशिवाय मी ते स्वीकारणार नाही.

आलेखावर दोन्ही गट वेगळ्या खुणांनी मांडा. सगळ्यांतून एकच रेषा ओढून 'इतक्याने गुणा' असं सूत्र काढू नका. दोन आकडे जुळले म्हणून पद्धत योग्य ठरत नाही. त्याच मातीच्या कुंड्यांत, स्फुरद न देता, ज्वारी लावा आणि रोपांनी किती स्फुरद उचलला ते मोजा. ज्या अर्काचा आकडा त्याच्याशी जुळेल, ती पद्धत त्या मातीची.

अहवालावर पद्धतीचं नाव लिहाच. आकडा नुसत्या स्फुरदाचा की पी२ओ५ चा (खतातला स्फुरद ज्या ऑक्साइडच्या रूपात मांडतात त्याचा), हेही लिहा, दोन्हींत २.२९ पटींचा फरक पडतो आणि खताची मात्रा त्यावरच ठरते.