तापमानवाढ माणसामुळेच का? नागपुरात बसून तपासण्याची रीत

नागपुरात मे महिन्यात हा वाद पेटायला निमित्त लागत नाही. एक जण म्हणतो, "झाडं तोडली, सिमेंटचे रस्ते केले, मग तापणारच." दुसरा म्हणतो, "नवतपा काय आज आला का? आमच्या लहानपणीही असंच भाजून निघायचो." तिसरा मोबाइलवरचा आकडा पुढे करतो. तिघंही वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात, म्हणून वाद संपत नाही. विषय इतका महत्त्वाचा आहे की तो नुसत्या आवाजावर सोडून देणं बरं नाही.

खालची रीत कॉलेजातला गट, वाचनालयातलं चर्चामंडळ किंवा एकटा माणूससुद्धा दोन रविवारांत पार पाडू शकतो. लागतं ते एवढंच: एक्सेल किंवा लिब्रेऑफिस असलेला संगणक, इंटरनेट, एक वही आणि जमलं तर एक इन्फ्रारेड थर्मामीटर.

आधी तीन पानं करा

वहीच्या तीन पानांवर तीन प्रश्न लिहा. पृथ्वी तापते आहे का? तापवणारी गोष्ट हवेतला वायू आहे, की सूर्य किंवा आणखी काही? आणि तो वायू आपण सोडलेला आहे का?

एका पानाचा पुरावा दुसऱ्या पानावर चालवायचा नाही, हा नियम कडक पाळा. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हा आकडा वादात सगळ्यात आधी फेकला जातो. पण एका दिवसाच्या आकड्याने पहिल्या प्रश्नाचंही उत्तर मिळत नाही, तिसऱ्याचं तर नाहीच. काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने आपल्या पानाखाली एक ओळ लिहावी: काय दिसलं तर मी माझं मत बदलीन. ही ओळ नंतर लिहिली तर तिला काही किंमत राहत नाही.

पहिलं पान: आकडे काढणं आणि साफ करणं

नासाच्या जिस्टेम्प (GISTEMP) या जगभरच्या तापमानाच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर केंद्रांच्या यादीत नागपूर शोधा. सोनेगाव विमानतळावरच्या केंद्राची महिनावार सरासरी तापमानं मिळतात. एकाच केंद्राच्या मूळ आणि दुरुस्त केलेल्या अशा वेगवेगळ्या आवृत्त्या तिथे दिसतील. दोन्ही उतरवून घ्या. "आकडे मुद्दाम फिरवले" असं म्हणणारा गटात कोणी ना कोणी असतोच; त्याला दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतात.

इथे पहिली चूक होते. ज्या महिन्याची नोंद नाही, तिथे ९९९.९ असा आकडा भरलेला असतो. तो तसाच राहिला तर सरासरी आकाशाला भिडते. शोधा-आणि-बदला वापरून ते रकाने रिकामे करा, शून्य भरू नका.

दुसरी चूक बारीक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नागपूरची वर्षाची सरासरी साधारण २७ अंश धरा आणि मे महिन्याची ३५. एखाद्या वर्षात मेची नोंद गहाळ असेल आणि तुम्ही उरलेल्या ११ महिन्यांची सरासरी काढली, तर ती २६.३ च्या आसपास येते. म्हणजे एका हरवलेल्या महिन्यामुळे ते वर्ष ०.७ अंशाने थंड दिसतं. आपण जो बदल शोधतोय तोच मुळात एवढासा आहे! म्हणून थेट सरासरी काढू नका. १९६१ ते १९९० या ३० वर्षांतली प्रत्येक महिन्याची सरासरी आधी काढा, मग प्रत्येक नोंदीतून त्या त्या महिन्याची सरासरी वजा करा. जे उरेल तो फरक, आणि वर्षाची सरासरी या फरकांची काढायची. गहाळ महिन्याचा त्रास यात जवळजवळ नाहीसा होतो. तरीही ज्या वर्षात दहापेक्षा कमी महिने आहेत, ते वर्ष गाळा.

आता एका रकान्यात वर्षं, शेजारी फरक, आणि स्लोप (SLOPE) हे सूत्र, जे दर वर्षाला सरासरी किती बदल झाला ते सांगतं. आलेल्या उत्तराला १० ने गुणलं की दर दशकाचा बदल मिळतो. तो अर्ध्या अंशाच्या वर आला तर आनंदाने उड्या मारू नका, कुठेतरी ९९९.९ राहून गेला आहे. संपूर्ण भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं आहे. भारताची वाढ जगातल्या जमिनीच्या सरासरीपेक्षा कमी आहे, यामागे हवेतल्या धुळी-धुराचे कण आणि वाढलेलं सिंचन ही कारणं मानली जातात. कण सूर्यप्रकाश परत फेकतात, ओली जमीन दिवसा कमी तापते. "मग नागपूरचं तापमान फार का वाढलं नाही?" या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

सुरुवातीचं वर्ष सोयीने निवडू नका. १९९८ ला जोरदार एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापून जगभर उष्मा वाढण्याचा काळ) होता, त्यामुळे तिथून रेघ ओढली की काही काळ वाढ थांबल्यासारखी वाटते. सुरुवात १९५१, १९६१, १९७१ अशी बदलून पाहा. उत्तराची दिशा टिकते का, ते महत्त्वाचं.

आणि एका यंत्रावर विश्वास ठेवू नका. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान विभागाने नंतर संवेदक बिघडल्याचं सांगितलं. खरं मोजमाप पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर, सावलीत होतं. गाडीच्या डॅशबोर्डवरचा किंवा गच्चीवर उन्हात टांगलेल्या थर्मामीटरचा आकडा हवेचं तापमान नसतोच.

सिमेंटच्या रस्त्यांचा मुद्दा

हा आक्षेप खरा आहे, तो झटकू नका. काँक्रीट दिवसा उष्णता साठवतं आणि रात्री सोडतं. झाड गेलं की सावली जाते आणि पानांतून होणारं बाष्पीभवनही जातं. त्यामुळे सीताबर्डीची रात्र आणि शहराबाहेरच्या शेतातली रात्र यांत फरक पडणारच.

म्हणून तुलना करा. हवामान विभागाच्या नागपूर केंद्राच्या रोजच्या पत्रकात ब्रह्मपुरी, वर्धा, गोंदिया, यवतमाळ अशा ठिकाणचीही तापमानं असतात. ब्रह्मपुरी नागपूरच्या मानाने लहान गाव आहे, तरी उन्हाळ्यात यादीत वरच असतं. लहान गावांच्या नोंदींतही दीर्घकाळाची वाढ दिसली तर सगळा दोष शहरावर टाकता येत नाही. त्याहून ठोस गोष्ट म्हणजे समुद्र. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाणी आहे, तिथे सिमेंटचा रस्ता नाही, आणि साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के समुद्रातच गेली आहे. झाडं लावणं हा शहराच्या उष्म्यावरचा उपाय आहे आणि तो करायलाच हवा. पण तो प्रश्न वेगळा. त्याला वहीत चौथं पान द्या.

दुसरं पान: वायू की सूर्य?

इथे बरेच जण दोन बाटल्यांचा प्रयोग करतात: एकीत खायचा सोडा आणि व्हिनेगरने कार्बन डायऑक्साइड भरायचा, दोन्ही दिव्याखाली ठेवायच्या. हा प्रयोग टाळा. वायू भरलेली बाटली जास्त तापते हे खरं, पण कारण चुकीचं असतं. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बाटलीतलं मिसळणं मंदावतं आणि उष्णता बाहेर कमी जाते. उष्णतेची किरणं शोषण्याचा त्यात वाटा अगदी थोडा. समोरच्याला भौतिकशास्त्र येत असेल तर तुमचा सगळा मुद्दा एका वाक्यात कोसळेल.

त्याऐवजी गच्चीवर जा. औद्योगिक इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, ज्याचं माप उणे ५० अंशांपर्यंत जातं. कपाळाला लावायचा ताप मोजणारा चालत नाही, त्याचं माप माणसाच्या तापापुरतंच असतं. डिसेंबरातल्या कोरड्या, निरभ्र रात्री तो सरळ डोक्यावरच्या आकाशाकडे रोखा: आकडा शून्याच्या बराच खाली जातो. मग हळूहळू क्षितिजाकडे झुकवा. आकडा चढत जातो, कारण वाटेत जास्त हवा आणि जास्त बाष्प येतं. जुलैत ढगाळ रात्री तोच प्रयोग करा, आकडा हवेच्या तापमानाच्या जवळ येईल. आकाश आपल्याकडे उष्णता परत पाठवतं, हे हातातल्या यंत्रावर दिसतं. ढगाळ रात्र उबदार का असते, हेही कळतं. दिवसा कधीच सूर्याकडे रोखू नका.

मर्यादा प्रामाणिकपणे सांगा: हे यंत्र उष्णतेच्या किरणांतला ८ ते १४ मायक्रोमीटर लहरलांबीचा पट्टा पाहतं, आणि कार्बन डायऑक्साइडची मुख्य शोषणपट्टी १५ मायक्रोमीटरजवळ आहे. म्हणजे इथे दिसतो तो बाष्पाचा आणि ढगांचा परिणाम. कार्बन डायऑक्साइड उष्णतेची किरणं शोषतो हे भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजून ठेवलं आहे. त्यासाठी गच्चीची गरज नाही.

आता सूर्य. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. ११ वर्षांच्या चक्रात ती सुमारे ०.१ टक्क्याने खालीवर होते, पण एकूण वाढीचा कल नाही. याहून निर्णायक खूण हवेच्या वरच्या थरात आहे. सूर्य तापवत असता तर आपण राहतो तो खालचा थर आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, दोन्ही तापले असते. कार्बन डायऑक्साइड वाढला तर खाली तापतं आणि वर थंड होतं. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६७ मध्ये गणिताने हे सांगितलं होतं, आणि नंतरच्या मोजणीत स्थितांबर थंड होतानाच दिसला. मात्र वापरताना स्थितांबराच्या मधल्या आणि वरच्या भागाचे आकडे घ्या. खालच्या भागातली घट काही प्रमाणात ओझोन कमी झाल्यामुळेही आहे.

१९५० पासून एकूण पाहिलं तर जगभर रात्रींचं तापमान दिवसांपेक्षा जास्त वाढलं आहे, हीही एक खूण आहे. पण नागपूर शहरातल्या रात्रीचा आकडा इथे वापरू नका, त्यात काँक्रीटची भेसळ आहे.

तिसरं पान: वायू कोणाचा?

हे पान नागपूरकरांना सगळ्यात जवळचं, कारण कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या शहरातून दिसतात. ६६० मेगावॅटचा एक संच २४ तास पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट वीज होते. युनिटला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला अंदाजे १० हजार टन, म्हणजे जवळपास तीन मालगाड्या. आपल्या कोळशात राख भरपूर, कार्बन ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ४ हजार टन कार्बन जळतो, आणि धुरांड्यातून सुमारे १५ हजार टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

"१० हजार टनाचे १५ हजार टन कसे होतील?" हा प्रश्न येतोच. १२ किलो कार्बन ३२ किलो ऑक्सिजन घेऊन ४४ किलो वायू बनतो. वाढलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागते.

आता जगाचा हिशेब. इंधन आणि जंगलतोड मिळून माणूस वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. हवेत १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) वाढायला ७.८ अब्ज टन लागतात. भागाकार केला तर वर्षाला ५ पीपीएम वाढायला हवं. प्रत्यक्षात वाढतं अडीचच्या आसपास. घरखर्चाच्या वहीसारखं पाहा: तुम्ही दरमहा ५ हजार भरता आणि शिल्लक अडीच हजारांनीच वाढते, तर दुसरं कोणीतरी पैसे काढतंय, भरत नाही. समुद्र आणि झाडं मिळून वायू शोषत आहेत. "वायू समुद्रातून येतोय" हा आक्षेप या एका भागाकाराने निकालात निघतो. ज्वालामुखींचा वार्षिक वाटा आपल्या एक टक्क्याहून कमी आहे.

खूण पटवायची असेल तर कार्बन-१४ बघा, म्हणजे हळूहळू नष्ट होत जाणारा किरणोत्सारी कार्बन. त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. कामठी, उमरेड, वर्धा खोऱ्यातला गोंडवन कोळसा २५ कोटी वर्षांहून जुना, त्यामुळे त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. असा कोळसा जाळला की हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होतं, आणि शास्त्रज्ञ हान्स सुएस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या खोडांत नेमकं हेच दाखवलं. एक सापळा आहे: १९५० च्या दशकापासूनच्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची भर घातली, त्यामुळे या युक्तिवादासाठी त्याआधीचे आकडे वापरा. शिवाय हवेतला ऑक्सिजन किंचित कमी होतो आहे, तोही ज्वलनाच्या हिशेबाला धरून. ज्वालामुखीने वायू सोडला असता तर ऑक्सिजन असा खर्च झाला नसता.

हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण उद्योगयुगाआधी २८० पीपीएमच्या आसपास होतं, १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० च्या पुढे. बर्फात अडकलेल्या हवेवरून गेल्या ८ लाख वर्षांत ते ३०० च्या वर गेल्याचं दिसत नाही. हिमयुगांच्या शेवटी तापमान आधी वाढलं आणि वायू मागून, हे खरं आहे. तेव्हा सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलाने झाली आणि वायूने ती वाढवली. आज वायू पुढे आहे.

कुठे थांबायचं

आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या मंडळाने, २०२१ च्या अहवालात मानवी प्रभाव निःसंशय असल्याचं म्हटलं. पण गटात अहवाल शेवटी काढा, आधी काढला तर लोक हिशेब करणं सोडतात. खरा मोकळा प्रश्न वेगळा आहे: वायू दुप्पट झाला तर किती तापेल. त्याचा संभाव्य पल्ला अडीच ते चार अंश, आणि सगळ्यात जास्त गुंता ढगांच्या वागण्याचा. कोणी याबद्दल शंका घेतली तर त्याला "नाकारणारा" म्हणू नका, त्याच्याबरोबर बसा.

तीन पानं भरली की सुरुवातीला लिहिलेल्या ओळी उघडा आणि प्रत्येकाला आपली ओळ मोठ्याने वाचायला सांगा. शीट पुसू नका. दर जानेवारीत सोनेगावची नवी ओळ भरा, स्लोप पुन्हा काढा, शेजारी तारीख टाका.