कानातली शिटी आहेच, पण झोप परत आली
डाव्या कानात दीड वर्ष सारखी कूंऽऽ, रात्री लाईट बंद केली की दुप्पट. ईएनटीला दाखवलं (एकाच कानात असेल तर आधी दाखवाच), ते म्हणाले गोळी नाही, सवय करा. पण सवय करायची कशी ते कोणी सांगेना! शेवटी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची थेरपी) करणाऱ्या सायकॉलॉजिस्ट ताईंकडे ८ सेशन्स केली. आवाज वाढला की मनात काय येतं ते वहीत लिहायचं, माझं दर वेळी एकच, "आता आयुष्यभर झोप नाही", आणि समोर काल खरंच किती तास झोपले ते, तर साडेपाच निघायचे. मेंदू त्या आवाजाला धोका समजतो म्हणून सारखं लक्ष तिकडेच जातं, हे तिथे नीट कळलं. रात्री पंखा नाहीतर मोबाईलवर पावसाचा आवाज, पण हळूच. एकदा पोळ्या लाटताना लक्षात आलं, तासभर शिटी आठवलीच नव्हती, डोळ्यात पाणीच आलं.