पहिली शिडाची बोट, तीही जुनी

पहिल्या बोटीला २० ते २५ फूट लांबी पुरे. एवढ्या बोटीची शिडं एकट्याला आवरतात. लांबी वाढली की नांगर, दोर, धक्क्याचं भाडं, सगळंच वाढत जातं.

बोट पाण्याबाहेर काढलेली असताना बघा. मी स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने सगळा डेक वीत-वीत अंतरावर ठोकत जाते. खणखणीत आवाज आला तर उत्तम. बद्द आवाज आला, तर फायबरग्लासच्या आतलं बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड भिजून कुजलं असण्याची शक्यता असते. डोलकाठीच्या बुडाशी आणि तिला ताणून धरणाऱ्या तारा जिथे जखडलेल्या असतात तिथे जास्त वेळ घालवा, कारण पाणी बोल्टांच्या भोकांतून शिरतं. ही दुरुस्ती फार मोठी. पहिल्या बोटीवर नकोच. तळावर ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी मुरून आलेले, थोडे फोड दिसले म्हणून मात्र घाबरू नका, ते सहसा हळूहळू वाढतात.

कीलच्या, म्हणजे तळाखालच्या जड पात्याच्या, जोडावर गंजाचे ओघळ किंवा आत बोल्टांभोवती तडे दिसले, तर बोट कधी खडकावर आपटली होती का, असं सरळ विचारा. स्टेनलेसच्या तारा साधारण १० ते १५ वर्षांनी बदलायच्या असतात, पावती मागा. इंजिनाला आधी हात लावून बघा. थंड असेल तरच चालू करायला सांगा, आधीच गरम केलेलं इंजिन सुरू होतानाचा त्रास लपवतं. शिडाचं कापड कडक हवं, जुन्या चादरीसारखं मऊ नको.

गाद्या आणि रंग शेवटी बघा. बोट तपासून देणारा सर्व्हेअर मात्र तुम्हीच निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.