कळ थांबली, पण खडा पडला का? मुतखड्याच्या रुग्णाने काय करावे

कंबरेत एका बाजूला उठून जांघेपर्यंत जाणारी कळ, मळमळ, धड बसवत नाही की झोपवत नाही, अशी अवस्था झाली की बहुधा मुतखडाच. डॉक्टर गाठा, वेदनाशामक इंजेक्शन घ्या. किडनी आधीच अधू असेल तर ते आधी सांगा.

मग तपासणी. सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण मूत्रवाहिनीच्या (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीच्या) मध्यावर अडकलेला बारीक खडा बऱ्याचदा निसटतो. तो सीटी स्कॅनमध्ये सापडतो, त्यासाठी शिरेतून औषध टोचावं लागत नाही. गरोदर बाईची मात्र आधी सोनोग्राफीच. रिपोर्टमध्ये खडा किती मिलिमीटरचा आणि कुठे आहे, एवढं पाहा. 5 मिमीपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, 10 मिमीच्या वरचे क्वचितच.

खरी परीक्षा यानंतर, वाट पाहण्यात. मला याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं. दुखायचं थांबलं की घरचे म्हणतात, "गेला वाटतं खडा!" स्कॅन केला तर तो मूत्राशयाच्या तोंडाशी तसाच बसलेला. मूत्रवाहिनी तुंबलेली असूनही कळ थांबू शकते, आणि तेवढ्या काळात किडनी आतल्या आत खराब होत जाते. म्हणून खडा हातात आला किंवा फेरतपासणीत दिसला नाही, तरच तो गेला असं माना. साधारण चार ते सहा आठवड्यांत पडला नाही, तर आणखी थांबू नका.

खडा पकडायला प्रत्येक वेळी लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा, ऑफिसातसुद्धा. बाजरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, खरखरीत कण दिसला की धुऊन, वाळवून डबीत ठेवा आणि लॅबला द्या. तो फेकून देऊ नका, पुढचं सगळं पथ्य त्यावर ठरतं.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात किंवा किडनी एकच असेल, तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटलात जा. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर जिवावर बेतू शकतं. तिथे आधी स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून किडनीत नळी घालून लघवीला वाट करून देतात, खड्याचं नंतर बघतात.

आणि हे ऐकू नका: कळ चालू असताना तांब्या-तांब्या पाणी पाजा, बिअर पाजा. त्याने खडा ढकलला जात नाही, उलट किडनीवरचा ताण वाढून कळ चढू शकते. कुळथाचं कढण आवडत असेल तर खुशाल प्या, पण त्याच्या भरवशावर स्कॅन लांबवू नका.

खडा अडूनच बसला तर लहान खड्याला शरीराबाहेरून ध्वनिलहरींनी फोडतात, मूत्रवाहिनीतल्याला दुर्बिणीने काढतात आणि किडनीतला 2 सेंटिमीटरहून मोठा असेल तर पाठीतून छोटं छिद्र पाडून. आत स्टेंट ठेवला असेल तर तो काढायची तारीख फोनमध्ये नोंदवा. विसरलेल्या स्टेंटवरच नवे खडे चढतात.

लॅबने खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा सांगितला, आणि बहुतेकांना तोच असतो, तर दूध-दही तोडू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते लघवीत कमी उतरतं. कमी करायचं ते मीठ: लोणचं, पापड, फरसाण. यूरिक ॲसिडचा खडा असेल तर डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात, त्याने तो विरघळूही शकतो. किडनी अधू असलेल्यांनी मात्र ते मनाने घेऊ नये.

पाणी किती? दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं. एकदा 24 तास मोजून बघा. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याचं पाणी घामावाटेच जातं, त्याने लघवीचा रंग पाहावा. गडद पिवळी दिसली की आणखी प्यावं, आणि झोपण्याआधी एक भांडं जास्त.