हजेरीतून गायब होणारा ओव्हरटाइम (ओटी) कसा पकडायचा

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत पगार हातात आला की बहुतेक जण एकूण आकडा बघतात आणि स्लिप खिशात घालतात. आठवड्याला ४८ तासांच्या पुढचं काम म्हणजे ओटी आणि त्याचा दर दुप्पट. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दरावरून वाद क्वचितच होतो. गडबड होते ती तासांमध्ये.

थंब मशीन नोंद फारशी बदलत नाही. बोट लावलं की आयडी, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ मशीनच्या मेमरीत जाते. तिथून ती टाइम ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरते आणि खाडाखोड तिथे होते. ‘मॅन्युअल पंच’ म्हणजे हाताने भरलेली नोंद टाकून आउट टाइम बदलता येतो, किंवा शिफ्ट संपल्यानंतरचे पंच धरूच नयेत असं सेटिंग करता येतं. त्यामुळे पगाराच्या शीटवर भांडत बसू नका, मशीनमधला कच्चा लॉग, म्हणजे हात न लावलेली मूळ नोंद मागा.

खाडाखोड ओळखायची कशी? महिन्याची हजेरी प्रिंट मिळवा आणि आउटच्या रकान्यावरून नुसतं बोट फिरवा. सात ते साडेतीनची फर्स्ट शिफ्ट असेल तर खरे पंच १५:३३:४१, १५:३६:०८, ओटीच्या दिवशी १९:३४:५२ असे विखुरलेले असतात. रांगेत उभं राहून कुणीच रोज बरोबर १५:३०:०० ला थंब मारू शकत नाही. सलग दहा-बारा दिवस शून्य सेकंद दिसले तर ते हाताने भरलेले किंवा सॉफ्टवेअरने कापलेले आहेत, असं समजा. सकाळी २० मिनिटं आधी बोलावून मशीन सुरू करायला लावतात आणि इन मात्र सातचाच धरतात, हेही तपासा. रोजची २० मिनिटं म्हणजे २६ दिवसांचे ८ तास ४० मिनिटं. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा तास कापला, पण मशीन सोडू दिलं नाही, तर तेही काम आहे.

थंब मारून परत मशीनवर जायला सांगतात तिथे कच्चा लॉगही उपयोगी पडत नाही. तिथे तुमची स्वतःची नोंद लागते. साध्या डायरीत पेनने, त्याच दिवशी लिहा: शिफ्ट, आत आल्याची आणि बाहेर पडल्याची खरी वेळ, मशीन नंबर, कोणता जॉब, किती नग, थांबायला कुणी सांगितलं. आठवड्याभराचं रविवारी बसून एकदम लिहिलेलं लगेच ओळखू येतं. गेटबाहेर आल्यावर मोबाइल हातात पडला की घरच्यांना ‘आत्ता सुटलो’ एवढा व्हॉट्सअॅप मेसेज टाका. त्यावर वेळ आपोआप पडते. प्रॉडक्शन शीट, गेट रजिस्टर, कंपनीच्या बसची वेळ या नोंदी कुठे असतात ते लिहून ठेवा, पण कंपनीचे कागद घरी आणू नका आणि ड्रॉइंगचे फोटो काढू नका. उलट तुमच्यावरच चोरीचा ठपका यायचा.

आता हिशेब. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० धरू. २६ ने भागले की रोज ६००, आठने भागले की तासाला ७५, म्हणून ओटी १५० रुपये तास. जेवणाचा अर्धा तास वगळून फर्स्ट शिफ्टचे सहा दिवस म्हणजे ४८ तास. त्यात तीन दिवस संध्याकाळी साडेसातपर्यंत थांबलात तर १२ तास ओटी, १,८०० रुपये. स्लिपवर मात्र ‘वाढीव हजेरी दीड’ लिहून, म्हणजे १२ तासांचे साध्या दराने दीड दिवस धरून, ९०० टेकवलेले असतात. ही सगळ्यात जुनी युक्ती. ‘इन्सेंटिव्ह’ हे तिचंच दुसरं नाव.

आधी कंपनीला लेखी अर्ज द्या: अमुक ते अमुक तारखेचा कच्चा पंच लॉग, मॅन्युअल पंचांची यादी आणि वेतन पावत्या द्याव्यात, लॉग व सीसीटीव्ही पुसू नये. प्रतीवर पोच घ्या. कुणी शिक्का देत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. घाई करा, सीसीटीव्हीवर जुनं चित्रण पुसून नवं चढत राहतं. पाच-सहा जणांनी मिळून सही केली तर एकट्याला वेचून काढणं अवघड जातं.

उत्तर नाही आलं तर नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार करा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, युनियनलाही तुमच्या वतीने तो लावता येतो. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. म्हणून तक्रारीत ‘ओटी मिळत नाही’ असं मोघम लिहू नका. तारीख, खरे तास, दाखवलेले तास, फरकाची रक्कम असा तक्ता जोडा. ठेकेदाराकडे असाल तर मूळ कंपनीलाही पक्षकार करा, कारण ठेकेदाराने बुडवलं तर जबाबदारी तिच्यावर येते.

आणि मधल्या काळात कोऱ्या मस्टरवर किंवा ‘काही येणे बाकी नाही’ अशा कागदावर सही मागितली, तर रकमेपुढे ‘ओटीचा वाद कायम ठेवून’ असं स्वतःच्या हाताने लिहून, तारीख टाकून मगच सही करा.