थंड देशातला गहू पुण्यात आणून नवा वाण कसा काढायचा

आपल्याकडे गहू हिवाळ्यातच पेरतात. त्यामुळे 'हिवाळी गहू' म्हटलं की लोकांना आपला रब्बीचाच वाटतो. पण खरा हिवाळी गहू म्हणजे रशिया-युरोपातला, कित्येक आठवडे गारठा सोसल्याशिवाय ओंबीच न टाकणारा. पुण्यात तो नुसता पेरलात तर हिरवागार झुबका होऊन जमिनीला पसरतो, फुटव्यांवर फुटवे काढतो आणि मार्चच्या उन्हात गवतासारखाच वाळून जातो. गहू पैदाशीच्या कामात मी शेतावरची मदतनीस म्हणून एकतीस वर्षं काढली. शास्त्रज्ञ नव्हे, चिमटा आणि वही सांभाळणारी बाई. आता सासवडजवळ भावाच्या दहा गुंठ्यांत तेच चालू आहे, म्हणून विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते.

एवढा खटाटोप कशाला? तांबेरा सोसण्याची ताकद आणि भरदार ओंबी असे काही गुण त्या गव्हांत असतात. 'वीरी' नावाचे वाण जगभर गाजले, त्यांच्या वंशावळीत काव्काझ हा रशियन हिवाळी गहू आहे आणि आपला कल्याणसोनाही आहे. बी मात्र रीतसर संशोधन संस्थेमार्फतच घ्या. परदेशातून येणारं बी आधी विलगीकरणाच्या तपासणीतून जावं लागतं. भाच्याच्या बॅगेतून मूठभर आणायचं नाही, त्यासोबत रोगही येतो.

पहिलं काम फ्रिजमध्ये. २० सप्टेंबरच्या सुमारास तीसेक दाणे रात्रभर भिजवा, ओल्या टिपकागदावर ठेवा आणि पांढरं टोक दिसलं की झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास, सहा ते आठ आठवडे राहू द्या. कागद सुकू देऊ नका आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहा. पहिल्या वर्षी मी लिहिलं नव्हतं. सासूबाईंना ते कुरडयांच्या गव्हातले उरलेले दाणे वाटले आणि त्यांनी ते गच्चीवर चिमण्यांना घातले. वर्ष गेलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर ही रोपं कुंड्यांत लावा. थंडी मिळाली म्हणजे झालं असं नाही, यातल्या बऱ्याच जातींना लांब दिवस लागतो आणि डिसेंबरात पुण्याचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणून कुंड्या गच्चीत ठेवून वर एलईडी दिवा टांगते आणि तो रात्री अकरापर्यंत चालू ठेवते. (गणपती कधीच गेले, मग ही रोषणाई कसली, असं शेजारी दरवर्षी विचारतात.) तरीही हा पाहुणा उशिराच फुलतो. त्यामुळे आपला गहू एकदाच पेरून चालत नाही. दहा-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा पेरा, एखादी पेरणी तरी त्याच्याशी जुळते.

आई आपला गहू, बाप हिवाळी. आई कुसळांची घ्या आणि बाप बोडका, कारण पुढे सांगते. चिमटा घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडचा, टोकं तंतोतंत मिळणारा. आईची ओंबी पोटरीतून अर्धी-पाऊण बाहेर आली की संध्याकाळी कामाला बसा. वरच्या आणि खालच्या बारीक कणिशिका (ओंबीवरचे फुलांचे छोटे झुबके) काढून टाका, मधल्या दहा-बारा ठेवा. प्रत्येक कणिशिकेतली मधली फुलं चिमट्यात धरून उपटा, कडेची दोन राहू द्या. त्यांच्या तुसांचा वरचा भाग कात्रीने छाटा आणि आतले तीनही परागकोश (परागांच्या पिशव्या) अलगद काढा. ते हिरवे हवेत. एक जरी पिवळा दिसला तर ती ओंबी सोडून द्या, तिथे आधीच परागण झालेलं असू शकतं. तीन मोजून काढायचे. दोन काढून 'झालं असेल' म्हणणारी मुलं मी फार पाहिली. ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवा आणि चिठ्ठीवर आईचं नाव आधी, बापाचं नंतर, तारखेसकट, पेन्सिलीने लिहा. शाई दवाने पुसते.

दोन-तीन दिवसांनी सकाळी पिशवीत डोकावा. कुक्षी, म्हणजे फुलातलं पराग झेलणारं टोक, पिसासारखी फुललेली दिसली की बापाची ओंबी आणा, तिच्या तुसांची टोकं छाटा आणि उन्हात धरा. काही मिनिटांत पिवळे परागकोश बाहेर डोकावतात. ती आईच्या ओंबीवर उलटी धरून फिरवा आणि पिशवी परत लावा. पराग फार वेळ जिवंत राहत नाहीत, म्हणून मध्ये फोन आला तर घेऊ नका. एका ओंबीला दहा-पंधरा सुरकुतलेले दाणे मिळाले तरी खूश व्हा.

पुढच्या वर्षी ते दाणे फ्रिजशिवाय पेरा. थंडी न मागण्याचा गुण वरचढ असल्यामुळे पहिली पिढी आपल्यासारखीच ओंबी टाकते. बोडकेपणाही सहसा वरचढ असतो. ओंबी बोडकी किंवा आखूड कुसळांची आली तर संकर खरा. आईसारखी लांब कुसळं आली तर तुमचा तिसरा परागकोश राहिला होता. या पिढीचा मी आपल्या गव्हाशी पुन्हा एकदा संकर करते, नाहीतर पुढची संतती फार उशिरा पिकते.

मग खरी छाटणी. दुसऱ्या पिढीत दोनेक हजार झाडं तरी हवीत, पाभरीने नाही, टोकून लावलेली. काही झाडं गवतासारखीच बसून राहतील, ती उपटा. फेब्रुवारीत उशिरा फुलणारी, लोळणारी आणि तांबेऱ्याचे फोड आलेलीही काढा. मला सगळ्यात जास्त रडवतो तो दाण्याचा रंग. हिवाळी गहू पुष्कळदा लाल दाण्याचा असतो आणि पुण्यात लाल गव्हाची पोळी कुणी ताटात घेत नाही. लाल रंगाची तीन जनुकं आहेत. बापात तिन्ही असतील, तर साध्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ६४ झाडांमागे एकच पांढऱ्या-अंबर दाण्याचं निघतं. वर सांगितल्याप्रमाणे आपल्या गव्हाशी पुन्हा एकदा संकर केला तर हे प्रमाण बरंच सुधारतं. शिवाय दाण्याचं साल आईच्या झाडाचं असतं, म्हणून रंग ठरवायचा तो त्या झाडावर पिकलेल्या दाण्यांवरून, तुम्ही पेरलेल्या दाण्यावरून नाही. ही गोष्ट कळायला मला दोन हंगाम लागले.

त्यानंतर दरवर्षी एका झाडाची एक ओळ, ओळीतून चांगली झाडं, त्यांच्या पुन्हा ओळी. दर पिढीत मिश्रपणा निम्मा होतो. सहाव्या पिढीपर्यंत ओळ एकसारखी दिसू लागते.

आता वर्णन. लोक इथेच आळस करतात. 'उंच, जोमदार, आकर्षक' असं लिहिलं की मी पान फाडायला लावते. उंची जमिनीपासून ओंबीच्या टोकापर्यंत, कुसळं सोडून, सेंटिमीटरमध्ये. ओंब्या दिसायला किती दिवस लागले, ते पेरणीपासून मोजून. ध्वजपर्ण (ओंबीखालचं सगळ्यात वरचं पान) ताठ की झुकलेलं, पानाच्या आवरणावर आणि ओंबीवर मेणाचा थर किती, ओंबी निमुळती की सरळ कडांची, दाट की विरळ, कुसळं आहेत का आणि असल्यास कोणत्या रंगाची, बाहेरच्या तुसावर लव आहे का, त्याची चोच लांब की आखूड, काडी आडवी कापल्यावर आत भेंड किती, हजार दाण्यांचं वजन. कोंबाच्या आवरणावर जांभळी छटा आहे का, हे उगवतानाच पाहावं लागतं, तेव्हा विसरलात तर वर्ष थांबा.

फिनॉलची चाचणीही करा. दाणे रात्रभर पाण्यात ठेवून मग १ टक्का फिनॉलने भिजवलेल्या कागदावर चार तास ठेवले की काही वाणांचे दाणे काळपट होतात, काहींचे जवळपास तसेच राहतात. दिसायला जुळी भावंडं असलेले वाण यात वेगळे पडतात. हे बाथरूममधलं फिनाईल नव्हे. फिनॉलने कातडी भाजते, हातमोजे घाला.

प्रत्येक निरीक्षण शेजारी पेरलेल्या माहितीच्या वाणासोबत करा. मी आघारकर संस्थेचा एमएसीएस ६२२२ लावते. 'फिकट हिरवा' हे एकट्याने ठरत नाही, कोणापेक्षा फिकट ते लिहावं लागतं. आणि दोन हंगाम लिहा. एका वर्षीचं मेण दुसऱ्या वर्षी दिसलं नाही तर तो वाणाचा गुण नसून त्या वर्षीच्या हवेचा होता. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली नोंदणी करायची तर वेगळेपणा, एकसारखेपणा आणि स्थिरता या तिन्हींची परीक्षा होते. वही नीट असेल तर तिथे धावपळ होत नाही.

नाव शेवटी. नुसत्या आकड्यांचं नाव कायद्याला चालत नाही. भावाला आजीचं नाव द्यायचंय, वहिनीला कऱ्हा नदीचं. माझ्या वहीत आमचा वाण अजून ४७-३ आहे, आणि यंदा त्याच्या ओळीत दोन झाडं लाल दाण्याची निघाली, तेव्हा नावाचं पुढच्या वर्षी बघू.