अमेरिकन आधुनिकतावाद शिकताना: कविता मूळ पानावर वाचा

हा विषय एम.ए. किंवा पीएच.डी.साठी निवडणाऱ्यांना पाउंड, एलियट, स्टाइन हे लेखक आणि 1913 चे न्यूयॉर्कमधील आर्मरी हे आधुनिक कलेचे प्रदर्शन ठाऊक असतेच. धोका वेगळ्या ठिकाणी आहे. आपण हा सारा काळ पाठ्यसंकलनांतून वाचतो. माझे कित्येक महिने त्यात गेले, म्हणून हे विस्ताराने सांगते.

अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल ढकलगाडीची कविता घ्या. संकलनात ती शीर्षकासह एकटी भेटते आणि आपण तिच्या साधेपणावर पाने भरतो. 1923 च्या ‘स्प्रिंग अँड ऑल’ या त्यांच्या मूळ पुस्तकात मात्र तिला शीर्षक नाही, केवळ बाविसावा क्रमांक आहे; पुस्तकात कवितांच्या मधूनमधून कल्पनाशक्तीविषयीचे आवेशपूर्ण, मध्येच तुटणारे गद्य आहे, त्यात चित्रकार ह्वान ग्रिसचा विचार आहे, आणि पुस्तक अर्पण केले आहे चार्ल्स डेमथ या चित्रकाराला. ओळ जिथे तुटते तिथे चित्र पाहणारी नजर काम करते, हे पुस्तकच सुचवत असते आणि संकलन नेमके तेच कापून टाकते. पुढे याच डेमथने विल्यम्स यांच्या अग्निशामक बंबावरच्या कवितेवरून 1928 मध्ये सोनेरी ‘5’ या आकड्याचे चित्र रंगवले. त्यात तो आकडा तीनदा, लहानमोठा होत अंगावर येतो, आणि ‘बिल’ हे मित्राचे नावही दिसते. ही कविता आणि हे चित्र वेगवेगळ्या प्रकरणांत टाकणारा प्रबंध मला अपुराच वाटतो.

तयार नोट्स वापरू नका; त्या याच संकलनांवर पोसलेल्या असतात. मार्गदर्शकही असे शोधा, जे ‘हा कोणता वाद (इझम)?’ विचारण्याआधी ‘शेजारच्या पानावर काय आहे?’ असे विचारतील.

एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या अवघड समजल्या जाणाऱ्या दीर्घ कवितेला घाबरण्याचे कारण नाही. नोव्हेंबर 1922 च्या ‘द डायल’ या अमेरिकन मासिकात ती टिपांविनाच छापली होती, टिपा नंतर पुस्तकात आल्या. अमेरिकेतील पहिल्या वाचकांपाशीही आधार नव्हता.

हार्लेमला, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-कला चळवळीला, मात्र शेवटच्या प्रकरणाची पुरवणी करू नका. अॅलन लॉक यांनी संपादित केलेल्या 1925 च्या ‘द न्यू निग्रो’ या संग्रहात कविता, निबंध, विनोल्ड राइसची व्यक्तिचित्रे आणि अॅरन डग्लसची रेखाटने एकत्र आहेत, साहित्य आणि चित्रकला एकत्र कशी वाचावी, हे त्याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

‘पोएट्री’ आणि ‘द लिटल रिव्ह्यू’ या नियतकालिकांचे जुने अंक मॉडर्निस्ट जर्नल्स प्रोजेक्ट या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. विषयाची नोंदणी करण्यापूर्वी त्यांतला एखादा अंक जाहिरातींसह अथपासून इतिपर्यंत वाचा.